चौऱ्याऐंशी पायऱ्या

आमच्या शहरातल्या फुटबॉल स्टेडियमची माहितीपुस्तिका मी लिहिली, ही गोष्ट मी हल्ली आपणहून कुणाला सांगत नाही. पूर्वी सांगायचो. ओळख करून देताना नावाच्या आधी सांगायचो. आता कुणी विषय काढलाच तर मी डावा पाय खुर्चीखाली ओढून घेतो आणि हवापाण्याबद्दल बोलू लागतो.

मी महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात मुख्य लेखनिक आहे. फुटबॉलचा आणि माझा संबंध एवढाच, की शाळेत असताना एकदा चेंडू माझ्या तोंडावर बसला होता. पण फुटलेल्या जलवाहिनीबद्दल मी वर्तमानपत्राला लिहिलेलं पत्र छापून आलं (त्यातल्या सर्वांत चांगल्या दोन ओळी संपादकाने कापल्या, तो भाग वेगळा), आणि तेव्हापासून कार्यालयात माझा हात लिहिता आहे अशी बोलवा झाली. स्टेडियमचा सुवर्णमहोत्सव आला तेव्हा साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "चार पानं फक्त. दोन पानं इतिहास, दोन पानं सुविधा. तुमच्यासाठी डाव्या हातचा मळ."

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "चार पानांना तुम्हाला सहा महिने लागणार. सासूबाईंना पत्र लिहायला बसलात की टपालाची वेळ टळते." मी अर्थातच तिच्याकडे दुर्लक्ष केलं. इतिहासकारांच्या घरी असंच चालत असावं.

इतिहासाचं पान पहिल्याच दिवशी अडलं. स्टेडियमच्या फाटकाशी दोन शिळा आहेत. एकीवर पायाभरणीची तारीख आहे, दुसरीवर उद्घाटनाची, आणि दोन्हींत अकरा वर्षांचं अंतर आहे. मग सुवर्णमहोत्सव नक्की कशाचा? साहेब म्हणाले, "ज्याला पन्नास वर्षं होतात त्याचा." पण पन्नास वर्षं कशालाच होत नव्हती. एक शिळा बावन्न वर्षांची होती आणि दुसरी एक्केचाळीस. आमच्या विभागात असल्या अडचणींची मला सवय आहे. मी लिहिलं, 'स्टेडियमचा जन्म या दोन तारखांच्या दरम्यान, परंतु पहिल्या तारखेच्या निकट झाला.' साहेबांना वाक्य आवडलं. कुणालाच काही कळत नाही अशी वाक्यं त्यांना आवडतात.

मग प्रेक्षकक्षमता. जुन्या फायलीत बावीस हजार असा आकडा होता, पण स्टेडियममध्ये खुर्च्या नाहीतच, नुसत्या सिमेंटच्या पायऱ्या आहेत. वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनीयरकाका मला जिन्यात गाठून म्हणाले, "माणशी अठरा इंच धरा. आंतरराष्ट्रीय नियम आहे." कुठल्या राष्ट्रांचा, ते त्यांनी सांगितलं नाही. मी रविवारी मेव्हण्याला घेऊन स्टेडियमवर गेलो आणि त्याला एका पायरीवर बसवून मोजलं. तो सत्तावीस इंच भरला. "मी हिवाळ्यात फुगतो," असं तो म्हणाला. शेवटी बरीच बेरीज-वजाबाकी करून मी साहेबांपुढे एकोणीस हजार चारशे साडेसहा हा आकडा ठेवला.

"अर्धा माणूस कुठला?" साहेबांनी विचारलं.

"खांबामागचा. त्याला अर्धंच मैदान दिसतं."

साहेबांनी माझा आकडा खोडला आणि फायलीतला बावीस हजार कायम केला.

एवढ्या सगळ्यात माझ्या जिवाला आधार होता तो एकाच गोष्टीचा, मामींच्या चहाचा. मैदानाचे माळी स्टेडियममध्येच, पूर्वेच्या प्रेक्षागाराखालच्या एका खोलीत राहतात. खेळाडूंपासून बंदोबस्ताच्या पोलिसांपर्यंत सगळे त्यांना मामा म्हणतात, आणि म्हणून त्यांच्या पत्नी मामी. खोलीचं छत तिरकं आहे, कारण त्यावर लोक बसतात. उंच माणसाला पलंगाकडच्या अर्ध्या भागात उभं राहता येत नाही, म्हणून मी आत शिरलो की लगेच बसायचो. तीन आठवडे मी रोज दुपारी तिथे बसून लिहिलं. मामी न विचारता चहा ठेवायच्या. मामा बाहेर रबरी नळीने उत्तरेच्या गोलपुढचं नवं गवत भिजवायचे आणि काम झालं की नळीचं वेटोळं दारावरच्या खिळ्याला अडकवून आत यायचे.

"आधी मोठ्या पानाचं होतं भाऊसाहेब," ते मला गवताबद्दल सांगायचे. "हे बारीक पानाचं आहे. याला दुपारखेरीज पहाटे पाचलाही पाणी लागतं. सहा वाजले तर रुसतं."

मी मान डोलवायचो आणि लिहीत राहायचो. सुविधांच्या पानासाठी मी बांधकामाच्या वेळचा मूळ नकाशा मिळवला होता. त्यात बावीस खोल्या होत्या, प्रत्येकीला क्रमांक आणि कार्य नेमून दिलेलं. इथे माझा स्वभाव सांगायला हवा. अठ्ठावीस वर्षं मी अशा विभागात काढली आहेत, जिथे समोर धडधाकट उभा असलेला माणूससुद्धा कागद आणेपर्यंत जिवंत धरला जात नाही. त्यामुळे डोळ्यांना दिसतं त्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. मी नकाशा उघडला आणि बावीसच्या बावीस खोल्या जशाच्या तशा उतरून काढल्या. 'खोली क्रमांक चौदा: सुसज्ज प्रथमोपचार कक्ष' हे मी मामींच्या पलंगावर बसून, मामींच्या हातचा चहा पीत लिहिलं. 'सुसज्ज' हा शब्द नकाशात नव्हता. तो माझा.

लिहिता लिहिता मी मामांना सहज विचारलंही होतं, "मामा, खेळाडूला दुखापत झाली तर कुठे नेतात हो?"

"कुठे म्हणजे? इथेच आणतात. हिच्याकडे."

मी ते सोडून दिलं. मला तोंडी माहिती नको होती.

माझ्या डोळ्यांनी मोजलेली एकच गोष्ट त्या पुस्तिकेत होती, ती म्हणजे पूर्वेच्या प्रेक्षागाराच्या पायऱ्या. त्या नकाशात नव्हत्या, म्हणून मी खालून वरपर्यंत चढून मोजल्या. मधे साहेबांचा फोन आला. मी बेचाळिसाव्या पायरीवर उभं राहून सात वेळा "हो साहेब" म्हणालो, फोन ठेवला आणि पुढे मोजायला लागलो. चौऱ्याऐंशी भरल्या. 'चौऱ्याऐंशी पायऱ्यांचे भव्य प्रेक्षागार' हे वाक्य मी पहिल्या पानावर घातलं.

पुस्तिका छापून आली. मुखपृष्ठ हिरवं होतं. मी पंचवीस प्रती घरी आणल्या आणि जिन्यात भेटेल त्याला दिल्या. इंजिनीयरकाकांनी प्रेक्षकक्षमतेपाशी लाल पेनने प्रश्नचिन्ह काढून प्रत परत केली. बायकोने सगळी वाचली आणि म्हणाली, "यात मामामामी कुठे आहेत?" मी तिला समजावलं, की माणसं ही सुविधेत येत नाहीत.

महिन्याभराने फुटबॉल महासंघाचं पत्र आलं. आपल्या स्टेडियमची पुस्तिका वाचून समाधान वाटलं, मोठ्या स्पर्धेचे सामने आपल्याकडे देण्याचा विचार आहे, अमुक तारखेला पथक तपासणीला येईल, विशेषतः सुसज्ज प्रथमोपचार कक्ष पाहण्यात येईल. साहेब आनंदाने टेबलाभोवती एक फेरी मारून आले. मग त्यांनी स्टेडियमच्या व्यवस्थापकाला फोन लावला, आणि फोन ठेवताना त्यांचा चेहरा उतरला होता.

"चौदामध्ये कुणीतरी राहतंय," ते म्हणाले. "एक आदेश करा. आठ दिवसांत खोली रिकामी. भाषा कडक हवी."

भाषा कडक हवी असं म्हटलं की माझ्या अंगात येतं. मी लिहिलं, 'खोली क्रमांक चौदामध्ये दीर्घकाळ चालू असलेले अनधिकृत वास्तव्य ही अत्यंत खेदाची बाब असून...' दुसऱ्या दिवशी शिपाई आदेश डकवायला निघाला, तेव्हा मीही बरोबर निघालो. म्हटलं, काम झालं की मामींकडे चहा घेऊ.

शिपाई क्रमांक बघत बघत पूर्वेच्या बाजूने चालला. बारा झालं, तेरा झालं, आणि तो मामींच्या दारापुढे थांबला. मी म्हणालो, "अरे, इथे नाही, हे घर आहे." त्याने खिळ्यावरचं नळीचं वेटोळं उचललं. मागे निळ्या पत्र्यावर पांढऱ्या आकड्यांत चौदा लिहिलेलं होतं.

मामा बाहेर आले. त्यांनी चष्मा लावून आदेश वाचला, सावकाश, एकेका शब्दावर बोट ठेवून. मग चष्मा काढून म्हणाले, "भाषा चांगली आहे भाऊसाहेब. तुम्ही लिहिलीत?"

मी पत्र्यावरचा आकडा पुन्हा वाचू लागलो. आत मामींनी चहाचं आधण ठेवलं होतं, त्याचा आवाज येत होता. मग तो बंद झाला.

एकोणतीस वर्षं ते त्या घरात होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. आदेशात मीच 'पर्यायी निवास उपलब्धतेनुसार' असं लिहिलं होतं, आणि उपलब्धता शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून होती. मामांनी घराचं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "पहाटे पाचला तिथून बस नसते. गवताचं काय करायचं?" मला खरोखरच लाज वाटली. जन्मात पहिल्यांदा माझं लिखाण कुणीतरी शब्दन् शब्द वाचलं होतं.

घरी बायकोला सांगितलं. तिने हातातली बशी खाली ठेवली. "ज्यांच्या घरी बसून तीन आठवडे चहा ढोसलात, त्यांचंच घर काढून घेतलंत? आणि बसला होतात कुठे, ते कळलं नाही तुम्हाला?"

"नळी होती गं आकड्यावर."

"डोळ्यांवर काय होतं?"

त्या दिवसापासून घरचा चहाही बंद झाला. मी कार्यालयातल्या यंत्राचा चहा पिऊ लागलो, आणि तो पिणाऱ्याला आणखी वेगळी शिक्षा द्यायची गरज नाही.

मी हातपाय हलवले नाहीत असं कुणी म्हणू नये. मी साहेबांकडे गेलो आणि पुस्तिकेत चूक झाली, शुद्धिपत्रक काढू, असं म्हणालो. साहेब म्हणाले, "छापलेलं आहे ना? मग चूक कशी? चूक खोलीत आहे. ती दुरुस्त होतेय." शिवाय शुद्धिपत्रकाला समितीची मंजुरी लागते, आणि समिती तीन महिन्यांनी बसणार होती.

इंजिनीयरकाका म्हणाले, "सोपं आहे. दुसऱ्या खोलीला चौदा क्रमांक द्या." मी दुसऱ्या खोल्या पाहायला गेलो, आणि आयुष्यात प्रथमच नकाशा बंद करून पाहिल्या. नऊमध्ये मैदान दाबायचा लोखंडी रोलर होता. तो आधी आणून ठेवला होता आणि भिंत नंतर बांधली होती, त्यामुळे तो दारातून बाहेर येत नव्हता. पत्रकार कक्षाला छत नव्हतं. बारा क्रमांकाची खोली जमिनीपासून छतापर्यंत जुन्या फायलींनी भरली होती. त्या आमच्याच विभागाच्या होत्या आणि पाठवणीवर सही माझी होती.

खालच्या मजल्यावरच्या वकीलबाईंचा सल्ला सर्वांत खोल होता. "तुम्ही स्वतःविरुद्ध तक्रार करा. चौकशी लागली की आदेशाला आपोआप स्थगिती मिळते." मी केली. माझ्याविरुद्धची माझी तक्रार रीतसर फिरत फिरत चौथ्या दिवशी अभिप्रायासाठी माझ्याच टेबलावर आली. कामाच्या घाईत मी तिच्यावर 'नियमानुसार कार्यवाही व्हावी' असा शेरा मारून ती पुढे पाठवली. ती अजून कुठेतरी फिरते आहे.

आठवा दिवस आणि तपासणीचा दिवस एकच होता. साहेबांची योजना अशी, की पथकाला आधी मैदान, मग प्रेक्षागार दाखवून वेळ काढायचा, तोवर मामांनी सामान काढायचं, आणि भाड्याने आणलेला पांढरा पडदा, एक खाट आणि वजनकाटा आत ठेवायचा. वजनकाटा कशाला, ते कुणालाच माहीत नव्हतं. मार्गदर्शक म्हणून मी होतो, कारण पुस्तिका मला तोंडपाठ होती.

पथक दोघांचं होतं. एक डॉक्टरबाई, बोलायला कमी आणि बघायला फार. दुसरे मोजपट्टी घेतलेले गृहस्थ. ते जे दिसेल ते मोजत होते; त्यांनी मलाही एकदा मोजलं असावं. मी त्यांना दोन्ही शिळा दाखवल्या आणि जन्म निकट झाल्याचं वाक्य म्हणून दाखवलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "म्हणजे नक्की कधी?" मी त्यांना लगबगीने प्रेक्षागारात नेलं.

वरून सगळं मैदान दिसत होतं. उत्तरेच्या गोलपुढे बारीक पानाचं गवत हिरवंगार उभं होतं. खाली मामांच्या दारात दोन ट्रंका, एक गादी आणि चार बोचकी बांधून ठेवलेली होती आणि मामी ट्रंकेवर बसल्या होत्या. माझं लक्ष उडालं. ते परत आणण्यासाठी मी उतरता उतरता पायऱ्या मोजायला लागलो, मोठ्याने, पथकाकडे तोंड करून, जवळजवळ उलटा चालत. मोजपट्टीवाले माझ्याबरोबर मोजत होते. "ब्याऐंशी, त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी," मी म्हणालो, "आणि हे आलो आपण जमिनीवर!" आणि मी जमिनीवर असल्याच्या पूर्ण खात्रीने मागे पाऊल टाकलं.

तिथे आणखी एक पायरी होती.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. आभाळ दिसलं, मग साहेबांचे बूट दिसले. मोजपट्टीवाल्यांचा "पंच्याऐंशी" असा शांत आवाज ऐकू आला. मामा धावत आले आणि मला खांद्याला धरून उठवताना कानात म्हणाले, "त्या दिवशी फोनवर बोलता बोलता तुम्ही एक पायरी चढलात भाऊसाहेब. मी खालून बघितलं होतं. सांगणार होतो, पण तुम्ही मोजत होतात."

त्यांनी मला उचलून आणलं ते खोली क्रमांक चौदामध्ये. दुसरीकडे नेण्याचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही; एकोणतीस वर्षं पडलेल्या प्रत्येकाला ते तिथेच आणत होते. खाटेपाशी साहेबांचा पांढरा पडदा अर्धा लोंबत होता. मामींनी माझ्याकडे पाहिलं. आठ दिवसांनी पहिल्यांदाच. मग त्यांनी बांधलेलं एक बोचकं सोडलं आणि त्यातून लाकडी फळी, पट्ट्यांची गुंडाळी, कापूस, मलमाची डबी असं एकेक काढून माझ्या पायाशी मांडलं.

"बोटं हलवा," त्या म्हणाल्या.

मी हलवली.

"ओरडू नका. हाड मोडलं नाहीये. मुरगळलाय." आणि त्यांनी माझा घोटा मांडीवर घेऊन असा काही बांधला, की मी ओरडायचंच विसरलो.

डॉक्टरबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी वाकून पट्टी दोन बोटांनी दाबून पाहिली. "कुठे शिकलात?"

"इथेच," मामी म्हणाल्या. "पोरं पडतात. दवाखाना लांब आहे."

"किती जण येतात?"

मामींनी ट्रंक उघडली आणि शाळेच्या वह्यांचा एक गठ्ठा काढला. "कुणाकुणाच्या आया येऊन विचारतात, माझ्या मुलाला काय लागलं होतं, कधी लागलं होतं. लक्षात राहत नाही, म्हणून लिहून ठेवते."

डॉक्टरबाईंनी एक वही उघडली आणि मी मान लांब करून पाहिलं. तारीख, नाव, अवयव, कारण, काय केलं. पाच रकाने, पट्टीने आखलेले. एकोणतीस वर्षांच्या नोंदी. एकही खाडाखोड नाही. मी जिथे बसून तीन आठवडे सुविधा शोधत होतो, तिथल्या पलंगाखालच्या ट्रंकेत हे सगळं होतं, आणि तेही कागदावर.

मी पाय विसरून उठायचा प्रयत्न केला आणि परत बसलो. "बाई," मी म्हणालो, "पुस्तिकेत लिहिलेला सुसज्ज कक्ष हाच. सामान बाहेर काढलंय ते चुकून. चूक माझी आहे. आदेशाची भाषासुद्धा माझी आहे." साहेब मागून माझा सदरा ओढत होते, पण मी थांबलो नाही.

डॉक्टरबाईंनी वही मिटली. त्यांनी तपासणीच्या अहवालावर लिहिलं आणि सहीसाठी साहेबांपुढे धरलं. मी खालून उलटं वाचलं: 'प्रथमोपचार कक्ष अस्तित्वात आहे. सेविका चोवीस तास निवासी. नोंदी उत्कृष्ट. या व्यवस्थेत कोणताही बदल करू नये.' मोजपट्टीवाल्यांनी खाली भर घातली, 'पायऱ्या पंच्याऐंशी.'

साहेबांनी सही केली. लेखी आलेल्या गोष्टीपुढे तेही माझ्यासारखेच लवतात. आदेश तिथल्या तिथे मागे घेण्यात आला आणि वजनकाटा परत गेला. मामांनी ट्रंका आत ओढल्या आणि नळी घेऊन गवताकडे गेले, कारण या भानगडीत दुपारचं पाणी राहिलं होतं.

सगळे गेल्यावर मी एकटाच पलंगावर उरलो, पाय उशीवर ठेवून. मामी स्टोव्हपाशी गेल्या. थोड्या वेळाने माझ्यापुढे चहाचा कप आला. मी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो.

मग त्यांनी नवी वही काढली, चष्मा लावला आणि पट्टीने रेघ मारून लिहायला लागल्या. तारीख घातली. माझं नाव घातलं. अवयव: डावा घोटा. कारणाच्या रकान्यापाशी त्या थांबल्या, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि न विचारताच एक शब्द लिहिला. मी वाकून वाचला. 'पुस्तिका.'

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत इतकी अचूक नोंद मी पाहिलेली नव्हती. मी त्यांच्याकडून पेन मागून घेतलं आणि तिच्याखाली सही केली.